संशयाच्या वाटेनें प्रभूपाशीं : रेव्ह. नारायण वामन टिळक

रेव्ह. टिळक यांचा जन्म १८६१ सालीं कोंकणांत करजगांवीं झाला. आई लवकर निवर्तली, वडिलांशीं पटेना. तेव्हां घर सोडून ते आपल्या नाशकास आले व संस्कृत शिकले. पुढें जुन्या आचारांवरील त्यांचा विश्वास उडाला. पण जिवाची तळमळ कांहीं शमेना.

१८९३ सालीं आगगाडींत एका अनोळखी युरोपियन गृहस्थानें त्यांस बायबल दिलें. प्रभूचें डोंगरावरील प्रवचन वाचतांच त्यांचें मन त्यांत गुंतलें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. आप्त दुरावले, पत्नी लक्ष्मीबाई यांचाही कांहीं वर्षें वियोग झाला. १९०० सालीं लक्ष्मीबाईंनींही बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ सालीं निवर्तले.

ते आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते. तरी त्यांची भजनें मराठी ख्रिस्ती जनांस प्रिय आहेत. सत्यासाठीं त्यांनीं घरचें सुख पणास लावलें, आणि प्रभूच्या ठायीं त्यांस समाधान लाभलें. म्हणून आपल्या घरांतील संशयी तरुणास कोणी झिडकारूं नये. त्याचे प्रश्न ऐकावे व त्याजसाठीं प्रार्थना करावी.