सर जोसेफ बारक्रॉफ्ट : श्वासाचा हिशेब मांडणारा माणूस

मी मेकॅनिकलचा. रक्ताशी माझा संबंध हॉस्टेलच्या डासांपुरता, असं रूममेट म्हणतात. पण माझ्या धाकट्या भावाला सिकलसेल आहे. आमच्या विदर्भात हा आजार नवा नाही. सात महिन्यांपर्यंत तो छान गुटगुटीत होता. मग हातपाय सुजले, रात्र-रात्र रडू लागला. आईला वाटायचं, आपलंच खाऊ-पिऊ घालण्यात काहीतरी चुकलं. डॉक्टर मॅडमनी समजावलं, की जन्मताना बाळाचं रक्त वेगळं असतं आणि तेच इतके दिवस त्याला सांभाळत होतं. हे वेगळं रक्त काय भानगड आहे, हे शोधताना मला बारक्रॉफ्ट भेटले.

जन्म 26 जुलै 1872, आयर्लंडमधलं न्यूरी गाव. शिक्षण आणि पुढचं बहुतेक आयुष्य केंब्रिजमध्ये. रक्तात प्राणवायू किती, हे मोजायचं उपकरण त्यांनी सुधारलं आणि मोजमापाच्या मागे आयुष्यभर धावले. 1910 मध्ये टेनेरिफ, 1911 मध्ये मॉन्टे रोझा, 1921-22 मध्ये पेरूतलं सुमारे 4,300 मीटर उंचीवरचं सेरो द पास्को. विरळ हवेत रक्ताचं काय होतं, एवढाच प्रश्न!

गडी धाडसीही होता. 1920 मध्ये स्वतःला काचेच्या खोलीत कोंडून सहा दिवस कमी प्राणवायूवर राहिले आणि मनगटाची धमनी उघडून रक्त काढू दिलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात विषारी वायूच्या प्रयोगात एका कुत्र्यासोबत स्वतः आत उभे राहिले. आपण प्रॅक्टिकलला रीडिंग शेजाऱ्याचं उतरवतो, हे आठवून मला जरा लाजच वाटली.

साठीच्या आसपास माणूस निवृत्तीचा विचार करतो. हे मात्र मेंढीच्या पोटातल्या गर्भाकडे वळले. गर्भ स्वतः श्वास घेत नाही. आईच्या रक्तातून वारेमार्फत मिळेल तेवढ्यावर त्याचं भागतं, आणि ते फार थोडं असतं. म्हणूनच गर्भाची तुलना एव्हरेस्टवरच्या माणसाशी केली गेली. मग तो जगतो कसा? बारक्रॉफ्ट आणि त्यांच्या समकालीनांच्या मोजमापांतून दिसलं, की गर्भाचं रक्त कमी दाबालाही प्राणवायू घट्ट धरतं. म्हणजे आईकडून ओढून घेण्याची सोय निसर्गाने आधीच करून ठेवलेली!

1935 मध्ये त्यांना सर किताब मिळाला, 1946 मध्ये जन्मापूर्वीच्या जीवनावरचं त्यांचं पुस्तक आलं आणि 21 मार्च 1947 रोजी ते केंब्रिजमध्ये वारले.

रेणूचा तपशील नंतर उलगडला. माणसाच्या गर्भात पहिले काही आठवडे एक प्रकारचं हिमोग्लोबिन असतं. मग यकृतात गर्भ-हिमोग्लोबिन बनू लागतं. त्यात दोन अल्फा आणि दोन गॅमा साखळ्या. जन्माच्या सुमारास गॅमाच्या जागी बीटा येऊ लागते आणि वर्षभरात गर्भ-हिमोग्लोबिन अगदी थोडं उरतं. सिकलसेलचा दोष बीटा साखळीत. म्हणून गॅमा आहे तोवर बाळ सुखरूप, आणि गॅमा गेली की दुखणं सुरू. पार्ट बदलला, पण नवा पार्टच सदोष निघाला, असं समजा.

आज माझा भाऊ रोज हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल घेतो. तिने गर्भ-हिमोग्लोबिन थोडं पुन्हा वाढतं. 2023 मध्ये तर जनुकात बदल करून ते परत चालू करणाऱ्या उपचाराला ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. तो खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा आहे, तरी वाट दिसली हे काय कमी?

दिवाळीला घरी गेलो तेव्हा वहीत आकृती काढून आईला हे सगळं सांगितलं. तिच्या खाऊ-पिऊ घालण्यात काही चुकलं नव्हतं, हेही. ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली आणि मग भावाला हाक मारून जेवायला वाढलं.