राजेरजवाड्यांच्या क्रिकेटमधला नागपूरकर कर्णधार

लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर २५ जून १९३२ रोजी भारताचा पहिला अधिकृत कसोटी सामना सुरू झाला. त्या दिवशी भारतीय संघाचे नेतृत्व करणारा खेळाडू हा दौऱ्यासाठी नेमलेला कर्णधार नव्हता आणि उपकर्णधारही नव्हता. कर्णधारपदी पोरबंदरचे महाराज होते, तर उपकर्णधारपदी लिंबडीचे राजपुत्र घनश्यामसिंहजी. संघातील सर्वोत्तम खेळाडू कोण, याविषयी मात्र कोणाच्याही मनात शंका नव्हती. तो मान नागपूरच्या कोट्टारी कनकय्या नायडू यांचा होता. साऱ्या देशाला ते सी. के. या दोन अक्षरांनीच परिचित होते.

नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात एका तेलुगू भाषक कुटुंबात झाला. आजोबा नागपुरात वकिली करीत. घरची जमीनदारी होती. वडील सूर्यप्रकाश राव केंब्रिजमध्ये शिकून आलेले वकील. त्या काळी नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्याचा भाग होता आणि याच प्रांतात मोडत होता. क्रिकेटची खरी राजधानी मात्र मुंबई. तेथील चौरंगी स्पर्धेत हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन असे संघ धर्म व वंशाच्या आधारे एकमेकांशी झुंजत आणि त्यातूनच देशभर नाव होई. नागपूरसारख्या शहरातील तरुणाला मोठे व्हायचे तर मुंबईची ही परीक्षा उत्तीर्ण होणे भाग होते.

नायडू यांनी ही परीक्षा १९१६ मध्ये दिली. युरोपियनांविरुद्ध हिंदू संघाचे सात गडी ७९ धावांत बाद झाले असताना एकवीस वर्षांच्या आतला हा तरुण नवव्या क्रमांकावर फलंदाजीस आला. पहिले तीन चेंडू त्याने शांतपणे खेळून काढले आणि चौथा थेट सीमापार भिरकावला. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील त्यांच्या पहिल्या धावा अशा षटकारानेच आल्या, अशी त्या पदार्पणाची कथा सांगितली जाते. उंच, सडपातळ, ताठ बांध्याचे नायडू पुढे सरसावून चेंडू उंच टोलवीत. त्यात धोका असे. पण तो धोका पत्करणे हा त्यांच्या खेळाचा स्वभावच होता. जोडीला ते उपयुक्त गोलंदाज आणि चपळ क्षेत्ररक्षकही होते.

खेळाडूने पोट कशावर भरायचे, हा प्रश्न मात्र त्या काळी कठीण होता. इंग्लंडमध्ये कौंटी संघ व्यावसायिक खेळाडूंना वेतन देत. भारतात तशी काही व्यवस्था नव्हती. रेल्वेसारखी नोकरी किंवा एखाद्या संस्थानिकाचा आश्रय, एवढेच मार्ग खुले होते. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांनी १९२३ मध्ये नायडू यांना आपल्या संस्थानात बोलावून घेतले आणि सैन्यात अधिकारपद दिले. पुढे ते कर्नल झाले आणि ही पदवी त्यांच्या नावाला कायमची जोडली गेली. या आश्रयामुळे खेळाडूला स्थैर्य मिळे, पण त्याची किंमतही मोजावी लागे. पैसा आणि मैदान ज्यांचे, संघाची सूत्रेही त्यांच्याकडेच राहात.

नायडू यांना खऱ्या अर्थाने देशभर पोहोचवले ते १ डिसेंबर १९२६ या दिवसाने. आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एमसीसीचा संघ भारतात आला होता. मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदू संघाकडून खेळताना नायडू यांनी दोन तासांहूनही कमी वेळात १५३ धावा फटकावल्या. त्यात तब्बल ११ षटकार होते. एका डावातील षटकारांचा तो तेव्हाचा विक्रम ठरला. खेळीची वार्ता शहरात पसरली तशी कचेऱ्यांतील माणसे कामे टाकून मैदानाकडे धावली, असे सांगतात. त्याच दौऱ्यातील पुढच्या सामन्यात दि. ब. देवधर यांनी १४८ धावांची खेळी केली. भारतीय खेळाडू कसोटी दर्जाचे आहेत, ही गोष्ट या दोन खेळींनी ठसवली. १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची स्थापना झाली, त्यामागेही या दौऱ्याची प्रेरणा होती.

१९३२ च्या इंग्लंड दौऱ्याची निवड झाली ती सविनय कायदेभंगाच्या धामधुमीत. गांधीजी तुरुंगात असताना इंग्लंडला खेळायला जाणे विजय मर्चंट, एल. पी. जय आदी खेळाडूंना मान्य नव्हते. त्यांनी दौऱ्यावर जाण्यास नकार दिला. नायडू गेले. लॉर्ड्सवर एमसीसीविरुद्ध त्यांनी नाबाद ११८ धावा केल्या. बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन मैदानावर वॉरविकशायरविरुद्ध १६२ धावा करताना त्यांनी मारलेला एक षटकार मैदानाबाहेरील नदी ओलांडून शेजारच्या परगण्यात जाऊन पडला, ही आख्यायिका आजही सांगितली जाते.

पोरबंदरच्या महाराजांचा क्रिकेटशी संबंध हौसेपुरताच होता आणि तो त्यांनी मोकळेपणाने ओळखला. कसोटी सामन्यातून ते स्वतःहून बाजूला झाले. लिंबडीचे राजपुत्र पाठदुखीने खेळू शकत नव्हते. नेतृत्व नायडू यांच्याकडे आले. राजघराण्यात न जन्मलेल्या माणसाच्या हाताखाली खेळण्यास काही सहकाऱ्यांनी कुरकुर केली, असे म्हणतात. परंतु महाराज आपल्या निर्णयावर ठाम राहिले. मोहम्मद निसार यांच्या भेदक माऱ्यापुढे इंग्लंडची अवस्था तीन बाद १९ झाली, तेव्हा लॉर्ड्सचे प्रेक्षक स्तब्ध झाले. अखेर भारताचा १५८ धावांनी पराभव झाला. हाताला दुखापत झालेली असतानाही नायडू यांनी पहिल्या डावात संघातर्फे सर्वाधिक ४० धावा केल्या. दौऱ्यातील प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांनी १,६१८ धावा काढल्या आणि ६५ बळी टिपले. विस्डेनने १९३३ च्या पाच सर्वोत्तम खेळाडूंत त्यांची निवड केली. भारताकडून खेळणाऱ्या क्रिकेटपटूला मिळालेला हा पहिलाच असा सन्मान होता.

पुढच्या वर्षी डग्लस जार्डीन यांचा संघ भारतात आला, तेव्हा तिन्ही कसोटींत नायडूच कर्णधार होते. मुंबईच्या पहिल्या कसोटीत लाला अमरनाथ यांनी ११८ धावांची खेळी करून भारताचे पहिले कसोटी शतक झळकावले. दुसऱ्या बाजूने ६७ धावांची साथ देत नायडू यांनी त्यांच्याबरोबर १८६ धावांची भागी केली. कोलकात्याची कसोटी अनिर्णित राहिली, इतर दोन्ही गमावल्या. चार कसोटींत कर्णधारपद, त्यात तीन पराभव आणि एक अनिर्णित, एवढाच नायडू यांचा हिशेब राहिला. त्यानंतर ते पद त्यांना पुन्हा मिळाले नाही.

१९३६ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी विजयानगरमचे महाराजकुमार, म्हणजेच विझी, यांनी पैसा आणि प्रभावाच्या जोरावर कर्णधारपद मिळवले. त्या दौऱ्यातील तीन कसोटींत विझींच्या नावावर एकूण ३३ धावा जमा झाल्या. संघात तट पडले. लाला अमरनाथ यांना पहिल्या कसोटीपूर्वीच घरी पाठवण्यात आले. न्याहारीच्या वेळी नायडू यांचा अपमान केल्याच्या बदल्यात एका खेळाडूला कसोटीत स्थान दिले गेले, अशीही कहाणी त्या दौऱ्याशी जोडली गेली आहे. दौऱ्यानंतर मुख्य न्यायमूर्ती बोमाँट यांच्या समितीने विझींच्या नेतृत्वावर ताशेरे ओढले; त्याचबरोबर नायडू संघापासून अलिप्त राहिले आणि त्यांनी कर्णधाराला साथ दिली नाही, असेही नमूद केले. नायडू यांचा स्वभाव करारी होता आणि त्यांची शिस्त अनेकांना जाचक वाटे. मानी माणसाला स्वतःहून कमी योग्यतेच्या नेत्याखाली वावरणे साधले नाही. मैदानावर मात्र त्यांनी कसूर केली नाही. ओव्हलच्या अखेरच्या कसोटीत गबी ॲलन यांचा वेगवान चेंडू छातीवर आदळल्यानंतरही ते उभे राहिले आणि ८१ धावा काढून परतले. हीच त्यांची सर्वोच्च कसोटी धावसंख्या आणि हीच त्यांची अखेरची कसोटी. सात कसोटींत ३५० धावा, सरासरी २५. पहिली कसोटी खेळायला मिळाली तेव्हाच त्यांनी छत्तिशी ओलांडली होती, हे विसरून या आकड्यांकडे पाहता येत नाही.

देशाचे नेतृत्व हातून गेले, पण होळकर संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले आणि तेथे त्यांच्या गुणांना पूर्ण वाव मिळाला. यशवंतराव होळकर यांच्या आश्रयाखाली या संघात मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, नागपूरचे हिरालाल गायकवाड आणि नायडू यांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू असे मोहरे जमले होते. १९४४-४५ ते १९५२-५३ या नऊ हंगामांत होळकर संघाने आठ वेळा रणजी करंडकाची अंतिम फेरी गाठली आणि चार वेळा करंडक जिंकला. १९४५-४६ च्या अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध नायडू यांनी २०० धावा केल्या, तेव्हा त्यांचे वय पन्नास होते. १९५१-५२ च्या अंतिम सामन्यात दत्तू फडकर यांचा उसळता चेंडू तोंडावर बसून दात पडले. ते खेळपट्टीवरून बाजूला सारून उपचार न घेता नायडू पुन्हा खेळायला उभे राहिले, हा प्रसंग जुन्या क्रिकेटरसिकांच्या पिढीने वर्षानुवर्षे सांगितला.

संस्थाने विलीन झाली, आश्रयदाते मावळले, तरी नायडू खेळतच राहिले. एकसष्टाव्या वर्षी, १९५६-५७ च्या हंगामात त्यांनी उत्तर प्रदेशचे नेतृत्व केले आणि रणजीतील अखेरच्या डावात अर्धशतक काढले. १९५६ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. हा किताब मिळवणारे ते पहिले क्रिकेटपटू. तत्पूर्वी १९४१ मध्ये बाथगेट कंपनीच्या लिव्हर टॉनिकच्या जाहिरातीत त्यांचे नाव झळकले होते. खेळाडूच्या लोकप्रियतेलाही बाजारात मोल असते, याची ती भारतीय क्रिकेटमधील सुरुवात मानली जाते. त्यांच्या कन्या चंद्रा नायडू यांनी पुढे देशातील पहिल्या महिला क्रिकेट समालोचकांत स्थान मिळवले.

नोव्हेंबर १९६३ मध्ये नागपुरात राज्यपालांचा संघ विरुद्ध मुख्यमंत्र्यांचा संघ असा सामना झाला. अडुसष्ट वर्षांचे नायडू आपल्या जन्मगावी प्रथम श्रेणीचा अखेरचा सामना खेळले. १९१६ पासून सुरू झालेल्या या कारकिर्दीत २०७ सामने, ११ हजार ८२५ धावा, २६ शतके आणि ४११ बळी जमा झाले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदुरात त्यांचे निधन झाले.

विदर्भाचा संघ रणजी करंडकात उतरला तो १९५७-५८ मध्ये, म्हणजे नायडू यांची रणजी कारकीर्द संपल्यानंतर. त्यामुळे विदर्भाच्या नावाने ही स्पर्धा खेळण्याचा योग त्यांना आला नाही. विदर्भाला पहिले विजेतेपद मिळण्यास आणखी साठ वर्षे जावी लागली. १ जानेवारी २०१८ रोजी फैज फजलच्या संघाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवले. तो सामना इंदूरच्या होळकर स्टेडियमवर झाला. त्या संघातील एकाही खेळाडूला कर्णधारपदासाठी राजघराण्यात जन्म घ्यावा लागला नव्हता, की पोटापाण्यासाठी महाराजांच्या फौजेत भरती व्हावे लागले नव्हते. नियामक मंडळ १९९४ पासून नायडू यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. त्याचे पहिले मानकरी होते लाला अमरनाथ.