एडवर्ड मर्रो : दूरचित्रवाणीवरील शोधपत्रकारितेचा पाया घालणारा वृत्तनिवेदक

दूरचित्रवाणी म्हणजे केवळ करमणुकीचे साधन, अशी समजूत अमेरिकेत रूढ होत असताना त्याच पडद्यावरून सत्तेला जाब विचारण्याचे धैर्य एडवर्ड आर. मर्रो यांनी दाखवले. त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली.

मर्रो यांचा जन्म २५ एप्रिल १९०८ रोजी नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ग्रीन्सबरोजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. बालपणीच हे कुटुंब वॉशिंग्टन राज्यात स्थायिक झाले. लाकूडतोडीच्या छावण्यांत मजुरी केलेल्या मर्रो यांनी १९३० मध्ये पदवी मिळवली. १९३५ मध्ये ते सीबीएस या प्रसारण कंपनीत रुजू झाले आणि दोनच वर्षांत त्यांची लंडनला नेमणूक झाली.

१९४० मध्ये जर्मन विमाने लंडनवर बॉम्बवर्षाव करीत असताना मर्रो इमारतीच्या गच्चीवर उभे राहून त्याचे वर्णन रेडिओवरून करीत. महासागरापलीकडचे युद्ध त्यांच्या आवाजामुळे अमेरिकी घराघरांत पोहोचले. एप्रिल १९४५ मध्ये बुखेनवाल्ड छळछावणीत दिसलेले भीषण दृश्यही त्यांनी अत्यंत संयत शब्दांत श्रोत्यांपुढे मांडले.

१८ नोव्हेंबर १९५१ रोजी निर्माते फ्रेड फ्रेंडली यांच्यासह त्यांनी ‘सी इट नाउ’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू केला. त्या काळी साम्यवादाच्या संशयावरून अनेकांच्या नोकऱ्या जात होत्या. हवाई दलाच्या राखीव तुकडीतील मायलो रॅडुलोविच या अधिकाऱ्याला वडील व बहीण यांच्या कथित विचारांमुळे सेवेतून काढण्यात येत होते. त्याच्याविरुद्धचे पुरावे एका बंद लिफाफ्यात होते आणि तो लिफाफा सुनावणीत उघडलाच गेला नाही. ऑक्टोबर १९५३ मध्ये मर्रो यांनी हे प्रकरण पडद्यावर आणले. कार्यक्रमाची जाहिरात करण्यास कंपनीने नकार दिला, तेव्हा मर्रो आणि फ्रेंडली यांनी स्वतःच्या खिशातून पैसे भरून ती वृत्तपत्रात दिली. सुमारे पाच आठवड्यांनी रॅडुलोविच यांना सेवेत कायम ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला.

त्यानंतर ९ मार्च १९५४ रोजी मर्रो यांनी सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्यावरील कार्यक्रम सादर केला. मॅकार्थी यांच्याच भाषणांची व चौकशांची चित्रफीत दाखवून त्यांतील विसंगती त्यांनी प्रेक्षकांपुढे ठेवली. उत्तरासाठी मॅकार्थी यांनाही वेळ देण्यात आली. मॅकार्थी यांचा प्रभाव एकाच कार्यक्रमाने संपला असे नव्हे. लष्कराशी त्यांचा झालेला संघर्षही त्याला कारणीभूत होता. मात्र भीतीचे वातावरण निवळण्यास या कार्यक्रमाचा मोठा हातभार लागला. डिसेंबर १९५४ मध्ये सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी मॅकार्थी यांचा निषेध केला.

परंतु मर्रो यांची वाट सोपी झाली नाही. १९५५ मध्ये प्रायोजकाने साथ सोडली, कार्यक्रमाची साप्ताहिक वेळ गेली आणि १९५८ मध्ये तो बंदच पडला. त्याच वर्षी शिकागो येथील भाषणात त्यांनी नफ्यापुढे बातमीला दुय्यम ठरवणाऱ्या प्रसारण कंपन्यांवर कठोर टीका केली. त्यामुळे वरिष्ठांशी असलेला दुरावा वाढला. नोव्हेंबर १९६० मध्ये प्रसारित झालेला ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ हा स्थलांतरित शेतमजुरांच्या हलाखीवरील माहितीपट हे त्यांचे सीबीएसमधील अखेरचे मोठे काम ठरले.

१९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या आग्रहावरून त्यांनी अमेरिकी माहिती संस्थेचे संचालकपद स्वीकारले. तेथे त्यांची निष्ठा कसोटीला लागली. देशाची प्रतिमा मलिन होईल म्हणून, आपलाच ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ दाखवू नये, अशी विनंती त्यांनी बीबीसीला केली. बीबीसीने ती मानली नाही. आयुष्यभर जो दबाव झुगारला, तोच पद हाती येताच त्यांच्याकडून आणला गेला, ही त्यांच्या चरित्रातील सर्वांत बोलकी घटना होय.

पडद्यावर सतत सिगारेट हाती असलेल्या मर्रो यांनी १९५५ मध्ये धूम्रपान आणि कर्करोग यांच्या संबंधावरही कार्यक्रम केला होता. २७ एप्रिल १९६५ रोजी, सत्तावन्नाव्या वाढदिवसानंतर दोनच दिवसांनी, फुफ्फुसाच्या कर्करोगाशी झुंज देत असतानाच त्यांचे निधन झाले. मॅकार्थी यांच्याशी झालेल्या त्यांच्या सामन्यावर २००५ मध्ये चित्रपटही निघाला. बातमीचा खर्च करणाऱ्याने बातमी ठरवावी काय, हा त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न मात्र आजही सुटलेला नाही.