तोंडावर बाउन्सर बसला, दात पडले, तरी नागपूरचे सी. के. नायडू मैदानाबाहेर गेले नाहीत

भारताचा पहिला कसोटी कर्णधार नागपूरचा होता, हे तुम्हाला माहिती आहे का?

सी. के. नायडू. जन्म ३१ ऑक्टोबर १८९५. १९२६ मध्ये त्यांनी मुंबईत एमसीसीच्या बॉलर्सना धुतलं. १५३ धावा, त्यात ११ षटकार. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला, तेव्हा कर्णधार तेच होते. होळकर महाराजांनी बोलावल्यामुळे ते इंदूरला गेले आणि तिथलेच झाले.

१९५१-५२ चा रणजी मोसम. वय ५६. मुंबईच्या दत्तू फडकरांचा बाउन्सर थेट तोंडावर आदळला. दोन दात पडले, रक्त वाहू लागलं. नायडूंनी पीचवरचे दात बॅटने बाजूला सारले आणि पुन्हा खेळायला उभे राहिले.

किस्सा भारी आहे, पण नक्कल करू नका. अशा माराने जबड्याचं हाडही मोडू शकतं. मग ऑपरेशन करून प्लेट बसवावी लागू शकते. त्यानंतरही जखमेत पू होणं, वरचे-खालचे दात नीट न जुळणं, खालचा ओठ बधिर होणं असे त्रास होऊ शकतात. उशीर केला, तर धोका वाढू शकतो. २००२ मध्ये अनिल कुंबळेने मोडक्या जबड्याने लाराची विकेट काढली, पण नंतर तोही ऑपरेशनसाठी घरी परतला.

१९५६ मध्ये नायडूंना पद्मभूषण मिळालं. १४ नोव्हेंबर १९६७ ला इंदूरमध्ये ते गेले. आज पोरं सी. के. नायडू ट्रॉफी खेळतात, पण हेल्मेट घालून.