पंडिता रमाबाईंचें अखेरचें कार्य

पंडिता रमाबाई हें नांव आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. शारदा सदन व केडगांवचें मुक्ति सदन यांमुळें त्यांची कीर्ति सर्वत्र पसरली. परंतु त्यांच्या विद्वत्तेची खरी कसोटी लागली ती अखेरच्या कार्यांत. त्याचीच ओळख आम्ही येथें करून देत आहों.

रमाबाईंचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीस संस्कृत शिकविलें व त्या माउलीनें तें कन्येस दिलें. दुष्काळांत आईबाप निवर्तल्यावर भावासह हिंडत त्या १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचल्या. तेथील पंडितांनीं त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या अर्पिल्या. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन काढलें आणि पुढें दुष्काळपीडित मुलींना केडगांवीं आश्रय दिला.

पवित्र शास्त्राचें तत्कालीन मराठी भाषांतर अशा साध्या मुलींस जड जाई. म्हणून रमाबाईंनीं उतारवयांत इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सर्व शास्त्र मुळावरून सोप्या मराठींत आणण्याचें मनावर घेतलें.

हें काम किती बिकट, तें एका उदाहरणावरून कळेल. उत्पत्तीच्या पुस्तकांत आरंभींच पृथ्वीच्या मूळ स्थितीस ‘तोहू’ व ‘बोहू’ असे इब्री शब्द आहेत. पैकीं ‘बोहू’ हा सबंध जुन्या करारांत अवघा ३ वेळां येतो. मग अर्थ ठरवावा कशावरून? ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत यहुदी पंडितांनीं आरंभिलेल्या ग्रीक भाषांतरांत तेथें ‘अकातास्केउआस्तोस’ हा तितकाच विरळा शब्द योजिला आहे. संस्कृत जाणणारास तो फोडतां येतो. आरंभींचा ‘अ’ आपल्या ‘अ’प्रमाणेंच नकारार्थी, पुढील धातूचा अर्थ रचणें, सज्ज करणें. म्हणजे जिची अद्याप घडण झाली नाहीं अशी पृथ्वी! तथापि हा जुन्या भाषांतरकारांनीं केलेला उलगडा होय. तो मूळ इब्रीशीं पडताळावाच लागतो. आणि इतकें झाल्यावर खेड्यांतील मुलीस कळेल असा मराठी शब्द शोधावा लागतो, तो निराळाच.

१९२१ सालीं एकुलती एक कन्या मनोरमा वारली. तरी बाईंचें काम थांबलें नाहीं. मुक्तीच्या छापखान्यांत मुलीच खिळे जुळवीत व बाई मुद्रितें तपाशीत. तें तपासणें संपलें, आणि लवकरच ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला.

विद्यार्थिमित्रहो, अडलेला शब्द ओलांडून पुढें जाणें सोपें असतें. रमाबाई मात्र अशा शब्दापाशीं थांबल्या, आणि तेंही ज्यांना अक्षरओळख नुकती झाली होती त्यांच्यासाठीं. हा धडा आम्हीं सर्वांनीं गिरवण्याजोगा आहे.