चारशे डॉलरचा मुलगा

अमेरिकेतील व्हर्जिनियात बरोज नावाच्या शेतमालकाचा तंबाखूचा मळा होता. मालकाच्या घराजवळ स्वयंपाकाची झोपडी होती, मातीच्या भुईची. तिथे १८५६ साली जेन या गुलाम स्वयंपाकिणीच्या पोटी बुकर जन्मला. १८६१ साली मालक वारला; मालमत्तेच्या यादीत बुकरची किंमत लिहिली गेली, ४०० डॉलर. मालकाच्या मुलीची पुस्तके तो शाळेच्या दारापर्यंत नेई. आत त्याला जागा नव्हती.

१८६५ साली तो मुक्त झाला, शिकला. १८८१ पासून बुकर टी. वॉशिंग्टन यांनी टस्कीगी येथे विद्यालय उभारले; विटा विद्यार्थ्यांनीच भाजल्या. १९१५ साली ते निवर्तले. १९५६ साली तो मळा त्यांच्या नावाने राष्ट्रीय स्मारक झाला.

आपली लेकरे वर्गात बसतात ना? रोज विचारा.