पंडिता रमाबाई : एका यात्रेचे चार मुक्काम

आमच्या उज्जैनला यात्रेकरूंचे नवल नाही. दर बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो तेव्हा क्षिप्रेच्या रामघाटावर पाय ठेवायला जागा उरत नाही. पण एरवीही डोक्यावर गाठोडे आणि कडेवर मूल घेतलेली कुटुंबे शहराच्या रस्त्यांनी चाललेली दिसतात. रविवारी उपासनेहून परतताना असे एखादे कुटुंब समोरून गेले की आम्हांला हटकून एका मुलीची आठवण होते. ती काही महिन्यांची असताना तिच्या आईवडिलांनी तिला वेताच्या पेटीत घालून घर सोडले, आणि पुढे तिचे सारे बालपण एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला जाण्यात गेले. तिने लहानपणी मुखोद्गत केलेल्या भागवतात आमची अवंती आहे, सांदिपनींचा आश्रमही आहे. ती मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचे चरित्र आपल्या मंडळ्यांना ठाऊक नाही असे नाही. शब्बाथ शाळेत मुक्तिसदनाची गोष्ट आपण सर्वांनीच ऐकली आहे. परंतु आज ती पुन्हा सांगावीशी वाटते, त्याला एक कारण आहे. मंडळीत एक तक्रार पुष्कळदा कानी येते. बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झाले, प्रभुभोजनात नेमाने भाग घेतो. पण पहिल्या दिवसांतला आनंद आता राहिला नाही. मग आमचा विश्वास मुळातच खोटा होता की काय? ज्यांच्या मनात हा प्रश्न आहे त्यांनी रमाबाईंची यात्रा शेवटपर्यंत पाहावी. त्या यात्रेत आनंद एकाच ठिकाणी भेटून संपला नाही. प्रत्येक मुक्कामी तो निराळा होता, आणि एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला जाताना मध्ये कोरडी वाटही होती.

मुक्कामापूर्वीची वाट

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांना संस्कृत शिकवणे त्या काळी निषिद्ध मानले जाई. तरी त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांना ते शिकवले, आणि लक्ष्मीबाईंनी पहाटे उठून ते आपल्या मुलीला शिकवले. पुढे कुटुंब देशोदेशी फिरू लागले. देवळाच्या आवारात बसून पुराण सांगावे, लोक देतील त्यावर निर्वाह करावा, असा क्रम होता.

मग दुष्काळ आला. जवळचे होते नव्हते ते संपले. 1874 साली वडील गेले, पाठोपाठ आई गेली, त्यानंतर थोरली बहीणही गेली. रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास ही दोघे उरली. ती दोघे शेकडो मैल पायी चालली. उत्तरेत थंडीच्या दिवसांत अंगावर पांघरायला नव्हते, म्हणून नदीकाठच्या वाळूत खड्डे करून त्यांत ती झोपली. इतके व्रत, इतकी तीर्थे करूनही पदरी हेच का, हा प्रश्न त्या कोवळ्या मनात तेव्हाच रुजला.

1878 साली ही भावंडे कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची विद्वत्ता पारखून त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. सारे शहर त्यांचे कौतुक करीत होते, पण अंतःकरण रिकामेच होते. 1880 साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. सिल्चर येथील त्यांच्या घरात पतीच्या पुस्तकांमध्ये बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमानाची एक लहानशी प्रत रमाबाईंच्या हाती लागली. ती त्यांनी आवडीने वाचली. 1881 साली मनोरमेचा जन्म झाला, आणि 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने पतीला नेले. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. तेवीस वर्षांची विधवा तान्ह्या मुलीला घेऊन पुण्यास आली.

पहिला मुक्काम : सत्य सापडल्याचा आनंद

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापला आणि 1883 साली वैद्यकीचे शिक्षण घेण्याच्या इच्छेने त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींनी त्यांना आपल्या मठात ठेवून घेतले. त्याच भगिनींचे लंडनजवळ फुलहॅम येथे एक घर होते. वाईट मार्गाला लागलेल्या स्त्रियांना तेथे प्रेमाने सांभाळून पुन्हा उभे करीत. ते पाहून रमाबाई थक्क झाल्या. आपल्या देशात अशा स्त्रियांकडे कोणी वळूनही पाहत नाही, मग या भगिनींना ही करुणा कोठून आली? तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट दाखवण्यात आली. ज्या स्त्रीला सगळ्यांनी टाकले होते तिच्याशी प्रभू विहिरीपाशी बसून बोलला, हे वाचून त्यांच्या शोधाला दिशा मिळाली. नीळकंठशास्त्री तथा नेहेम्या गोरे यांच्या लिखाणाने बुद्धीच्या शंकाही फिटल्या. 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

हा आनंद खरा होता. पुरुषाला आणि स्त्रीला, ब्राह्मणाला आणि शूद्राला एकाच दाराने आत घेणारा धर्म सापडला, हा तो आनंद. विचारी माणसाला असा आनंद होतो, आणि त्याला कोणी हलके मानू नये.

परंतु पुढची वाट सोपी नव्हती. कानांनी दगा दिला. बहिरेपणामुळे वैद्यकीचा विचार सोडावा लागला. ख्रिस्ती लोकांतील निरनिराळे पंथ आणि त्यांचे वाद पाहून मन गोंधळले. 1886 साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी तेथे लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाने मोठी सहानुभूती मिळवली. परत येऊन 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईस चौपाटीजवळ विधवांसाठी शारदा सदन उघडले, आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. काम वाढले, नाव झाले. तथापि आतून काहीतरी उणे होते, हे त्यांना स्वतःला कळत होते.

दुसरा मुक्काम : तारणारा भेटल्याचा आनंद

1891 च्या सुमारास हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकांचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हे पाळक कित्येक वर्षे मंडळी सांभाळीत होते, उपदेश करीत होते, आणि तरीही स्वतः प्रभूशी अनोळखीच राहिले होते. हे वाचताना रमाबाईंना जणू आपलेच चित्र दिसले. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्ताला स्वीकारायचे राहूनच गेले, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी आपले सर्व काही त्याच्या हाती सोपवले, आणि पापक्षमेची जी शांती बुद्धीच्या वाटेने मिळाली नव्हती ती त्यांना लाभली.

येथे थोडे थांबून विचार करण्याजोगे आहे. बाप्तिस्म्यापासून या घटनेपर्यंत आठ वर्षे गेली होती. ती आठ वर्षे फुकट गेली असे कोणी म्हणेल काय? त्याच वर्षांत पुस्तक झाले, शारदा सदन उभे राहिले, किती विधवांना आधार मिळाला. रमाबाईंनी आपली उणीव झाकली नाही, आणि आधीचे दिवस खोटे म्हणून टाकूनही दिले नाहीत. पहिल्या मुक्कामाची शिदोरी घेऊनच त्या दुसऱ्याला पोचल्या.

या आनंदाची किंमतही लवकरच मोजावी लागली. शारदा सदनात कोणावर धर्माची सक्ती नव्हती. पण बाई आपल्या खोलीत प्रार्थनेला बसत तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. 1893 साली पुण्याच्या वृत्तपत्रांत टीकेचे काहूर उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या थोर सुधारकांनीही सल्लागार म्हणून असलेला संबंध सोडला. पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. त्यांच्या बाजूनेही विचार करण्यासारखे होते, हे आपण मान्य केले पाहिजे. धर्मनिरपेक्ष शाळा म्हणून त्यांनी मुली पाठवल्या होत्या. रमाबाईंनी मात्र दार लावून घेतले नाही.

तिसरा मुक्काम : भरून वाहण्याचा आनंद

त्या काळी लोणावळ्यास ख्रिस्ती लोकांचे प्रार्थनामेळावे भरत. रमाबाई तेथे जाऊ लागल्या, आणि पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याची त्यांना नवी ओळख झाली. एका वर्षी त्यांच्याबरोबर पंधरा मुली होत्या. पुढच्या मेळाव्याच्या वेळी, 1896 साली, पहाटे रानात एकान्ती बसून त्यांनी देवाजवळ विलक्षण मागणे केले : या पंधरांचा वर्ग करून दे. पंधरा गुणिले पंधरा म्हणजे 225. एवढ्यांना ठेवायला घर नव्हते, घालायला धान्य नव्हते.

त्याच वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. वाळूच्या खड्ड्यात झोपलेली ती मुलगी रमाबाईंच्या आत अजून जिवंत होती. त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ असल्याने त्यांना शहरात ठेवता येईना. तेव्हा केडगावच्या मळ्यावर तात्पुरती छपरे उभारली गेली. असे मुक्तिसदन सुरू झाले. पाठोपाठ 1899-1900 चा मोठा दुष्काळ आला. आपल्या माळव्यात छप्पनिया काळ म्हणून त्याची आठवण अजून सांगतात, आणि इकडच्या मिशनांनीही तेव्हा पुष्कळ अनाथ मुले सांभाळली. रमाबाईंनी त्या वर्षी मुख्यतः गुजरातेतून मुली आणल्या आणि मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना, आंधळ्यांसाठी ब्रेल लिपीची शाळा असे उद्योग तेथे चालू झाले.

1905 च्या आरंभी सुमारे सत्तर स्त्रिया संजीवनासाठी रोज प्रार्थना करू लागल्या. त्यांची संख्या पाचशेंच्या वर गेली. जूनच्या अखेरीस मुक्तीत मोठे संजीवन झाले. पश्चात्तापाचे अश्रू, मोठ्याने प्रार्थना, मग हर्ष, आणि गावोगाव सुवार्ता सांगायला निघालेल्या मुलींच्या टोळ्या, असे ते दिवस होते.

चौथा मुक्काम : शांत श्रमाचा आनंद

एवढ्या मोठ्या संजीवनानंतर रमाबाईंनी काय केले, हे आम्हांला त्या संजीवनाइतकेच महत्त्वाचे वाटते. त्या टेबलाशी बसल्या. इब्री आणि ग्रीक भाषा शिकल्या, आणि खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत सगळ्या पवित्र शास्त्राचे भाषांतर करू लागल्या. हे काम पंधराहून अधिक वर्षे चालले. खिळे जुळवणाऱ्या आणि छपाई करणाऱ्या मुक्तीच्याच मुली, म्हणजे एकेकाळी दुष्काळात अन्नाला मोताद झालेल्या मुली. कानांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते. गायनाचा आवाज नाही, गर्दी नाही. एकेक वचन, एकेक शब्द एवढेच.

1921 च्या जुलैत मनोरमा वारली. चाळीस वर्षे बरोबर चाललेली, मुक्तीचा भार पुढे जिच्या खांद्यावर द्यायचा ती लेक आधी गेली. रमाबाईंनी हातातले काम सोडले नाही. भाषांतर पुरे झाले, आणि 5 एप्रिल 1922 रोजी केडगाव येथे त्या प्रभूजवळ गेल्या. संपूर्ण बायबल छापून झाले ते 1924 साली. मुक्ती मिशन आजही केडगावला स्त्रियांना आणि मुलांना आश्रय देत आहे.

आपल्यासाठी

वाचकहो, या चारांपैकी कोणता आनंद खरा? आम्हांला वाटते, चारही. आपल्या मंडळ्यांत मात्र एक चूक होते. जो ज्या मुक्कामी आहे तो दुसऱ्याला त्याच मापाने मोजतो. संजीवनात न्हालेला तरुण शांतपणे बसलेल्या वृद्ध आजींना थंड म्हणतो. वडीलधारी माणसे तरुणांच्या उत्साहाला उथळ म्हणतात. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनाही आमची विनंती आहे. दहा वर्षांच्या मुलाकडून चाळीस वर्षांच्या माणसाची साक्ष मागू नका. त्याला गोष्ट आवडते आहे, शोमरोनी बाईबद्दल तो प्रश्न विचारतो आहे, तर त्याचा तो आनंद पुरेसा समजा आणि त्याला जपा. पुढचा मुक्काम दाखवणारा देव आहे.

आणि ज्यांची वाट सध्या कोरडी आहे त्यांना एवढेच सांगणे आहे की आपली आठ वर्षे चालू असतील. प्रार्थनेचे दार उघडे ठेवा, हातातले काम करीत राहा, आणि मनात उणे आहे ते प्रभूपुढे उघडपणे मांडा. वेताच्या पेटीतून निघालेल्या त्या मुलीला ज्याने शेवटच्या मुक्कामापर्यंत नेले, तो आपल्यालाही अर्ध्या वाटेत सोडणार नाही.